खोक्यावरचे आकडे आणि मांडवातला उजेड

शाळेसाठी व्हिडिओ कॅमेरा घ्यायचे ठरले की काम नेहमीच्या वाटेने पुढे सरकते. तीन दुकानांतून दरपत्रके येतात, त्यांना माहितीपत्रके जोडलेली असतात आणि कार्यालयात तुलनात्मक तक्ता तयार होतो. तक्त्यात मेगापिक्सेल किती, झूम किती पट, फोर-के आहे की नाही, पडदा किती इंची आणि शेवटी किंमत असे रकाने असतात. शाळेतून बाहेर पडलेला एखादा मुलगा लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करायचे ठरवतो, त्यासाठी कर्ज काढतो, तेव्हा तोही मनातल्या मनात हाच तक्ता मांडतो. हे रकाने कोणी ठरवले, असे सहसा कोणी विचारत नाही. ते माहितीपत्रकाने ठरवलेले असतात. तेथे जे आकडे जाड ठशात छापलेले असतात तेच तक्त्यात उतरतात, आणि बारीक ठशातले उतरत नाहीत.

विज्ञानाच्या पुस्तकांची परीक्षणे आपण नेहमी वाचतो. कॅमेऱ्याचे माहितीपत्रक हेही एक प्रकारचे विज्ञानविषयक लिखाणच आहे. त्यात प्रकाश, वीज, ध्वनी, गणित असे सगळे काही येते, आणि त्याच्यावर विसंबून लोक हजारो रुपये खर्च करतात. तेव्हा त्याचेही परीक्षण झाले पाहिजे असे आम्हांला वाटते. कसोटी म्हणून आपण एकच प्रसंग घेऊ : गोरज मुहूर्तावरचे लग्न. सूर्य मावळतीला आलेला आहे, मांडवात थोडा दिवसाचा आणि थोडा दिव्यांचा उजेड आहे, ध्वनिक्षेपकावर मंगलाष्टके चालू आहेत. दोघांच्या मध्ये अंतरपाट धरलेला आहे. तो दूर होतो, अक्षता पडतात, बँड वाजू लागतो. सगळा प्रसंग दहा-पंधरा मिनिटांचा. तो पुन्हा घडवता येत नाही. स्नेहसंमेलनात पहिलीच्या मुलांचा नाच संपल्यावर तो पुन्हा करवता येत नाही, तसेच हे आहे.

पहिला जाड आकडा मेगापिक्सेलचा. फोर-के चित्रात आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, म्हणजे एकूण सुमारे ८३ लाख. त्याआधीच्या फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २१ लाख. याचा अर्थ असा की चलच्चित्रासाठी ८३ लाखांपेक्षा अधिक ठिपके फोर-के कॅमेऱ्यालाही अखेर लागत नाहीत. खोक्यावरचा २४ किंवा ४८ मेगापिक्सेलचा आकडा स्थिर छायाचित्राचा असतो. तो खोटा नसतो, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हे.

खरा प्रश्न उजेडाचा आहे. भर दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. संध्याकाळी मांडवात तो शे-दोनशे लक्सवर येतो. म्हणजे दुपारी अंगणात झालेल्या हळदीच्या मानाने पाचशेपट किंवा त्याहूनही कमी. प्रकाश हा कणांच्या रूपाने येतो आणि कण मोजण्यात एक अटळ अनिश्चितता असते, ती संख्येच्या वर्गमुळाइतकी. संवेदकाच्या एका ठिपक्यावर १०,००० प्रकाशकण पडले तर अनिश्चितता १००ची, म्हणजे एक टक्का. १०० कण पडले तर १०ची, म्हणजे दहा टक्के. नवरीच्या शालूच्या सावलीतल्या घड्यांवर जी मुंग्यांसारखी वळवळ दिसते ती हीच. कॅमेऱ्यातील वर्धन वाढवून चित्र उजळ करता येते, पण त्याबरोबर वळवळही तितक्याच पटीने वाढते. तेव्हा ठिपके किती हे नंतर पाहावे. त्या सर्वांवर मिळून प्रकाश किती पडतो हे आधी पाहावे. (तेवढ्याच क्षेत्रफळात ठिपके चौपट केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाव प्रकाश येतो. चित्र पुन्हा लहान करून पाहिले तर यातला बराचसा तोटा भरून निघतो, हेही सांगितले पाहिजे.)

प्रकाश किती पडणार हे दोन गोष्टींवर अवलंबून असते : संवेदकाचे क्षेत्रफळ आणि भिंगाचे छिद्र. क्षेत्रफळाच्या बाबतीत माहितीपत्रकांनी एक चमत्कारिक भाषा टिकवून ठेवली आहे. 'एक इंची संवेदक' असे छापलेले असते. फूटपट्टी घेऊन मोजले तर तो १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर भरतो आणि त्याचा कर्णही १६ मिलिमीटरच असतो. इंच तर २५.४ मिलिमीटरचा. हे नाव जुन्या काळातल्या व्हिडिकॉन या निर्वात नळीवरून आले. त्या नळीचा बाहेरचा व्यास एक इंच असे आणि चित्रासाठी उपयोगी पडणारा भाग सुमारे १६ मिलिमीटर. नळ्या केव्हाच गेल्या, पण त्यांच्या काचेची जाडी अजून आकड्यात मोजली जाते! आमच्या मते हा प्रकार आता बंद व्हायला हवा. क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये छापले तर सहावीतल्या मुलालाही तुलना करता येईल. 'एक इंची' म्हणजे सुमारे ११६ चौ. मिमी. फुल फ्रेम म्हणजे ३६ गुणिले २४, अर्थात ८६४ चौ. मिमी. खिशात मावणाऱ्या कॅमकॉर्डरमध्ये '१/२.५ इंची' असा संवेदक असेल तर तो जेमतेम २५ चौ. मिमी. भिंगाचा एफ-आकडा आणि चौकटीत येणारे दृश्य सारखे ठेवले तर फुल फ्रेम आणि या शेवटच्या संवेदकावर पडणाऱ्या एकूण प्रकाशात पस्तीसपट फरक पडतो. तक्त्यातला कोणताही जाड आकडा यांच्यातला फरक दाखवत नाही.

छिद्राची गोष्ट बारीक ठशात असते. भिंगाच्या कडेवर 'एफ/३.५–५.६' असे लिहिलेले असते. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. प्रकाश या आकड्याच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो, म्हणून झूम करून नवरीचा चेहरा जवळ आणला की त्याच क्षणी प्रकाश अडीचपट कमी होतो. एफ/१.८ आणि एफ/५.६ यांच्यातला फरक तर जवळजवळ दहापट आहे. शूटिंगवाला मागच्या खुर्च्यांजवळून झूम करतो तेव्हा चित्र एकदम मळकट का होते याचे हे एक कारण.

झूमबद्दल फार लिहायला नको. प्रकाशीय झूम भिंगाने होतो. डिजिटल झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणे. काही छोट्या कॅमकॉर्डरांच्या खोक्यांवर एके काळी दोन हजारपट झूम छापलेला असे. इतक्या ताणलेल्या चित्रात काय दिसणार हे छापण्याची जबाबदारी मात्र कोणी घेतली नाही.

येथे थोडे मागे वळून पाहणे योग्य होईल. भारतात दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण १९८२मध्ये, एशियाड खेळांच्या वर्षी सुरू झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत खांद्यावर ठेवायचे व्हीएचएस कॅमेरे लग्नांत दिसू लागले. त्या चित्राची स्पष्टता आडव्या दिशेने सुमारे २४० रेषांची होती. त्या कॅमेऱ्यांना खूप उजेड लागे, म्हणून शूटिंगवाल्याबरोबर एक लाइटवाला असे आणि त्याच्या हातात हॅलोजनचा प्रखर दिवा, ज्याला या धंद्यात सनगन म्हणत. दिव्यापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथा हिस्सा होतो, त्यामुळे लाइटवाल्याला नवरा-नवरीच्या अगदी पुढ्यात उभे राहावे लागे. त्या काळच्या कॅसेटींत डोळे किलकिले केलेल्या नवऱ्या आणि मागे काळोखात बुडालेले पाहुणे दिसतात, ते या व्यस्त वर्गाच्या नियमामुळे. आता असा दिवा कोणाला मांडवात नको असतो. मांडवात आहे त्याच उजेडात काम झाले पाहिजे अशी अपेक्षा असते. म्हणूनच आज प्रकाश गोळा करण्याची क्षमता हा पहिला रकाना असायला हवा.

आता कोणी म्हणेल, मग सर्वांत मोठा संवेदक आणि सर्वांत मोठे छिद्र घ्यावे म्हणजे झाले. २००८मध्ये कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हा फुल फ्रेम कॅमेरा व्हिडिओसह बाजारात आला, आणि त्यानंतर लग्नाच्या शूटिंगमध्ये खांद्यावरच्या कॅमेऱ्याची जागा छायाचित्राच्या कॅमेऱ्याने घ्यायला सुरुवात केली. चित्र देखणे येऊ लागले, मागचे दिवे लोण्यासारखे विरघळलेले दिसू लागले. परंतु हे विरघळणे फुकट मिळत नाही. ५० मिमीचे भिंग, एफ/१.८ आणि दोन मीटर अंतर घेतले तर फुल फ्रेमवर स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली सुमारे १७ सेंटिमीटर निघते. म्हणजे नवरी स्पष्ट असेल तर तिच्यामागे उभा असलेला मामा पुसट. एक इंची संवेदकावर तेवढेच दृश्य आणि तोच एफ-आकडा घेतला तर खोली ४५ सेंटिमीटरच्या पुढे जाते. अंतरपाटाचा प्रसंग येथे खरी परीक्षा घेतो. स्वयंचलित फोकसला समोर पांढरे कापड आणि त्यावर कुंकवाचे स्वस्तिक दिसते, आणि ते स्वस्तिकच पकडून बसते. कापड खाली येते, सगळे ज्या क्षणाची वाट पाहत असतात तो येतो, आणि त्याच वेळी फोकस मागेपुढे चाचपडत असतो. अलीकडचे कॅमेरे चेहरा ओळखतात, पण कापडाआडचा चेहरा त्यांनाही ओळखता येत नाही. जाणता शूटिंगवाला अंतरपाट धरण्याआधी नवरीच्या चेहऱ्यावर फोकस करून तो तेथेच कुलूपबंद करतो. म्हणून कॅमेऱ्यावर फोकस हाताने धरण्याची कडी किंवा हाताशी येणारे बटण आहे का, हे विचारले पाहिजे. या एका बाबतीत लहान संवेदकाचा जुन्या घाटाचा कॅमकॉर्डर, एकट्याने काम करणाऱ्या माणसाला, आम्हांला अधिक भरवशाचा वाटतो. स्नेहसंमेलनाचे शूटिंग तर बहुधा एखादे शिक्षकच करतात, आणि त्यांचे अर्धे लक्ष मुलांकडे असते.

यापुढची बाब शिक्षकांना वर्गात दाखवता येण्याजोगी आहे. आपल्याकडील वीजप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो. प्रत्येक आवर्तनात तो दोनदा शून्यावर येतो, म्हणून साध्या चोकच्या ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. शटर १/५० सेकंद उघडे राहिले तर दोन पूर्ण लहरी आत येतात, १/१०० ला एक. १/६० ला मात्र एक पूर्णांक दोन तृतीयांश. ही अपुरी लहर कधी उजळ भागातली असते, कधी मंद भागातली. त्यात संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात, त्यामुळे चित्रावर आडवे काळसर पट्टे सरकताना दिसतात. अमेरिकेत वीज ६० आवर्तनांची, म्हणून तेथे सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे सोयीची. आपल्याकडे २५ किंवा ५०. माहितीपत्रकात '६० चित्रे' हे मोठ्या ठशात आणि ५० आवर्तनांची सोय आतल्या पानावर, असे पुष्कळदा असते. वर उल्लेखिलेल्या फाइव्ह-डी मार्क टूमध्ये सुरुवातीला केवळ ३० चित्रांचीच सोय होती. २५ चित्रांची सोय मार्च २०१०मध्ये सुधारित प्रणालीतून मिळाली. शटरची वेळ हाताने ठरवता येणारा मोबाइल असेल तर ट्यूबलाइटखाली ती १/५०, १/६० आणि १/१००० अशी बदलून मुलांना पट्टे दाखवता येतील. एलईडी दिव्यांपैकी चांगले दिवे स्थिर असतात. मांडवाच्या स्वस्त रोषणाईबद्दल तशी खात्री देता येत नाही.

गोरज मुहूर्ताची आणखी एक अडचण रंगाची. मावळतीनंतरचा आकाशाचा प्रकाश निळसर, दिव्यांचा पिवळट, आणि मंचावर सजावटवाल्याने जांभळे दिवे सोडलेले. कॅमेऱ्याची स्वयंचलित रंगतोलाची सोय या तिघांमध्ये हेलकावे खाते आणि नवऱ्याचा चेहरा प्रत्येक मिनिटाला वेगळा दिसतो. यावर उपाय पांढऱ्या कागदाचा : चेहऱ्याजवळ कागद धरून रंगतोल हाताने ठरवायचा. ही सोय साध्या कॅमेऱ्यांतही असते, पण ती तीन पायऱ्या खोल दडवलेली असली तर मांडवात तिचा काही उपयोग नाही.

मग अक्षता पडतात. आम्हांला हा सगळ्या विषयातला सर्वांत रंजक भाग वाटतो. फोर-केचे एक चित्र न आवळता साठवले तर साधारण साडेबारा मेगाबाइट होते. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट नोंदत असेल आणि चित्रे २५ असतील तर एका चित्राच्या वाट्याला अर्धा मेगाबाइट येतो. म्हणजे पंचविसातले चोवीस भाग टाकून द्यावे लागतात. हे साधते कसे? कॅमेरा पूर्ण चित्र अधूनमधून साठवतो आणि मधल्या चित्रांत आधीच्यापेक्षा काय बदलले एवढेच टिपतो. भटजी बसलेले आहेत, मागची झालर स्थिर आहे, त्यामुळे काम सोपे असते. परंतु शेकडो तांदूळ एकाच वेळी शेकडो दिशांनी उडू लागले की जवळजवळ सगळेच बदललेले असते. दिलेल्या अर्ध्या मेगाबाइटात ते बसवण्यासाठी कॅमेरा बारकावे सोडून देतो, आणि नेमक्या शुभमंगलाच्या क्षणी चेहऱ्यांवर चौकोनी ठोकळे उमटतात. फुल एचडी चित्र ५० मेगाबिटांनी नोंदले तर दर ठिपक्याच्या वाट्याला दुप्पट माहिती येते. नव्या पद्धतीच्या संक्षेपणात ही तूट कमी झाली आहे, तरी स्वस्त कॅमेऱ्याचे कमी मेगाबिटांचे फोर-के हे चांगल्या फुल एचडीपेक्षा सरस असतेच असे नाही. माहितीपत्रकात 'फोर-के' हे शब्द पहिल्या पानावर असतात आणि मेगाबिटांचा आकडा शेवटच्या पानावरच्या तक्त्यात. वर्गात हे पाहायचे तर तांदूळ वाया घालवू नयेत, फाडलेल्या कागदाचे कपटे पुरतात. ते उधळून मोबाइलवर चित्रण करावे आणि मध्येच थांबवून पाहावे.

मेगाबिटांचा हिशेब कार्डासाठीही लागतो. १०० मेगाबिट म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट. चार तासांच्या लग्नाला १८०. एकाच वेळी दोन कार्डांवर नोंद करणारा कॅमेरा असेल तर कार्डेही दुप्पट लागतात. पण एक कार्ड बिघडले म्हणून कोणाचे लग्न हरवत नाही. व्यवसाय करू इच्छिणाऱ्याने ही सोय नसलेला कॅमेरा घेऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे.

आवाजाबद्दल माहितीपत्रके जवळजवळ मुकी असतात. झूमने चेहरा जवळ येतो. कॅमेऱ्यावरचा मायक्रोफोन जेथे आहे तेथेच राहतो. मोकळ्या जागेत एक मीटरवर ऐकू येणाऱ्या आवाजाची तीव्रता आठ मीटरवर चौसष्टावा हिस्सा होते, आणि मधल्या पाहुण्यांच्या गप्पा तर जवळच चालू असतात. शिवाय स्वयंचलित आवाज-नियंत्रण मंगलाष्टकांच्या मधल्या शांततेत आवाज वाढवत नेते आणि ताशाचा पहिला ठोका पडताच सगळेच दाबून टाकते. म्हणून बाहेरचा मायक्रोफोन जोडायची जागा, कानाला लावून ऐकायची जागा आणि आवाजाची पातळी हाताने ठरवायची सोय, या तिन्ही असल्याच पाहिजेत. ध्वनिक्षेपकवाल्याच्या मिक्सरमधून तार घेता आली तर उत्तमच, मात्र तो संकेत मायक्रोफोनच्या संकेतापेक्षा बराच जोरकस असतो आणि तसाच जोडला तर आवाज फाटतो. एक गंमत म्हणून : २५ चित्रांच्या हिशेबाने एक चित्र ४० सहस्रांश सेकंदांचे, आणि तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे साडेतेरा मीटर जातो. सभागृहाच्या मागच्या भिंतीशी, मंचापासून २७ मीटरवर कॅमेरा ठेवला तर तबल्याचा बोल बोटांपेक्षा दोन चित्रे उशिरा पोचतो.

एक आकडा असा आहे की ज्यामागे विज्ञान नाहीच. छायाचित्राचे पुष्कळ कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी नोंद आपोआप थांबवत. युरोपीय संघाच्या सीमाशुल्काच्या नियमांत सलग ३० मिनिटे किंवा अधिक चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेऱ्यात मोजले जाई आणि त्यावर जादा शुल्क बसे, म्हणून उत्पादकांनी एक सेकंद आधी थांबणे पसंत केले. अलीकडच्या अनेक कॅमेऱ्यांत ही मर्यादा नाही. पण वापरलेला कॅमेरा स्वस्तात घेणाऱ्याने ती तपासावी, कारण नाटकाचा दुसरा अंक चालू असताना कॅमेरा केव्हा थांबला ते कोणाच्या लक्षातही येत नाही. काही छोट्या कॅमेऱ्यांचे थांबणे वेगळ्या कारणाने असते. फोर-केचे काम करताना संवेदक आणि प्रक्रियक तापतात, आणि मे महिन्यातल्या मांडवात ती उष्णता बाहेर जायला वाव नसतो. ही माहिती तळटिपेत 'परिस्थितीनुसार' अशा शब्दांत दिलेली असते.

तेव्हा तक्ता पुन्हा मांडायचा झाला तर त्यात संवेदकाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये, पूर्ण झूमवरचा एफ-आकडा, २५ आणि ५० चित्रांची सोय, सेकंदाला मेगाबिट, मायक्रोफोन आणि कानाची जोडणी, कार्डांच्या जागा आणि सलग नोंदीची वेळ हे रकाने असावेत. मेगापिक्सेल आणि डिजिटल झूम यांना जागा ठेवायचे कारण नाही. किमतीच्या रकान्यात तिपाई, एक मायक्रोफोन, दोन जादा बॅटऱ्या आणि कार्डे धरूनच रक्कम लिहावी. तसे केले की पुष्कळदा सर्वांत महागडा कॅमेरा आपोआप यादीतून जातो आणि मधला परवडतो. वर्षातून दोनच कार्यक्रम असतील तर विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणणे शहाणपणाचे, हेही समितीपुढे मांडायला संकोच करू नये.

दुकानात जाताना बरोबर एक पिवळे कापड, एक पांढरा कागद आणि आपले स्वतःचे कार्ड न्यावे. दुकानदाराला निम्मे दिवे मालवायला सांगावे. एकाने कापड अंतरपाटासारखे धरून बाजूला करावे, दुसऱ्याने मागे उभे राहावे, तिसऱ्याने पूर्ण झूम करून चित्रण करावे आणि टाळ्या वाजवून आवाजही नोंदवावा. ते कार्ड घरी आणून मोठ्या पडद्यावर पाहावे. एवढे करू द्यायला जो दुकानदार तयार नसेल त्याचे दरपत्रक बाजूला ठेवावे.